रेग्युलेटर निघत नाही? आधी पक्कड खाली ठेवा!



आजचा पाठ पुस्तकातला नाही, पण सुरू झाला तो पुस्तकातूनच. सातवीच्या वर्गात स्थायू, द्रव, वायू चाललं होतं. मी सहज विचारलं, "स्वयंपाकाच्या गॅसच्या टाकीत काय असतं रे?" अख्खा वर्ग ओरडला, "गॅस!" मागच्या बाकावरची एक मुलगी मात्र म्हणाली, "बाई, पाणी असतं. हलवली की डुचमळतंय की." उत्तर जवळपास बरोबर होतं. टाकीत द्रवच असतो. मी तिला शाबासकी देणार तोच ती पुढं बोलली, "आणि बाई, टाकी बदलताना वरचं ते निघतच नाही. मग मी पक्कडीनं काढते."

मी खडू खाली ठेवला. "तू काढतेस?"

"आई रानात असती. आण्णा कारखान्यावर. मग कोण काढणार?"

बाकीच्यांना विचारलं, घरी कोण कोण टाकी बदलतं? सात-आठ हात वर आले. त्यात दोघांनी "आमच्याकडं बत्त्यानं ठोकतात" असं अगदी अभिमानानं सांगितलं. त्या दिवशी अवस्थांतर बाजूला राहिलं आणि आम्ही तासभर टाकी, व्हॉल्व्ह आणि रेग्युलेटर यांवरच बोललो. घरी आल्यावर वाटलं, हे मुलांपेक्षा आधी मोठ्यांना सांगायला हवं. आपल्यातल्या किती जणांनी अडकलेला रेग्युलेटर हिसडे मारून काढला असेल, खरं सांगा!

टाकीच्या तोंडाशी नेमकं काय असतं?

अडकलेली वस्तू सोडवायची तर ती कशी अडकते हे कळायला हवं. आपल्या घरी येणाऱ्या १४.२ किलोच्या टाकीच्या डोक्यावर पितळेचा व्हॉल्व्ह असतो. या व्हॉल्व्हला फिरवायची चावी नसते. तो आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह आहे. आत मधोमध एक बारीक पिन, तिच्याखाली स्प्रिंग आणि रबराची बैठक. स्प्रिंग पिनेला सतत वर ढकलत असते, टाकीतल्या गॅसचा दाबही तिला वरच ढकलतो, म्हणून तोंड बंद राहतं. पिन खाली दाबली तरच गॅस बाहेर येतो.

ही पिन दाबण्याचं काम रेग्युलेटर करतो. पण नुसता बसवल्यावर नाही, त्याची चावी 'चालू'वर फिरवल्यावर. चावी 'बंद'वर आली की रेग्युलेटरचा दांडा वर सरकतो, स्प्रिंग पिनेला वर ढकलते आणि गॅस थांबतो.

हा एवढा परिच्छेद नीट समजला तर निम्मी भीती आणि निम्मा मूर्खपणा दोन्ही कमी होतात. कारण याचा अर्थ असा, की चावी 'बंद'वर असेल आणि वास येत नसेल, तर रेग्युलेटर टाकीवर आठ दिवस अडकून राहिला तरी काही बिघडत नाही. स्वयंपाकाची खोटी होते, एवढंच. घाई करण्यासारखं त्यात काहीच नाही. संकट वेगळं असतं, ते पुढं येईलच.

आता रेग्युलेटर व्हॉल्व्हला घट्ट कसा धरून बसतो? व्हॉल्व्हच्या बाहेरच्या बाजूला गोल खाच असते. रेग्युलेटरच्या आत छोट्या पोलादी गोळ्या असतात, सायकलच्या छऱ्यांसारख्या. रेग्युलेटरच्या बुडाशी असलेलं काळं कडं खाली सरकलं की त्या गोळ्या आत ढकलल्या जाऊन खाचेत बसतात. कडं वर उचललं की गोळ्यांना बाहेर सरकायला जागा मिळते आणि रेग्युलेटर सुटतो. म्हणजे कुलूप आहे ते कड्यात. वरून ओढण्याचा आणि त्या कुलपाचा काही संबंध नाही. उलट जितकं जोरात वर ओढाल तितक्या त्या गोळ्या खाचेच्या काठाला जास्त घट्ट रुतून बसतात.

मुलांना हे समजावताना मी दाराच्या कडीचं उदाहरण दिलं. दार बाहेरून ढकलून धरलं की आतली कडी सरकत नाही, दार थोडं सैल सोडलं की चटकन निघते. अगदी तसंच.

मग निघत का नाही?

सगळ्यात नेहमीचं कारण फार साधं आहे. चावी पूर्ण 'बंद'वर आलेली नसते, अर्ध्यातच अडखळलेली असते. चावी 'चालू'वर असताना रेग्युलेटर निघू नये अशीच त्याची रचना केलेली असते. आपण त्याला बिघाड समजतो आणि पक्कड शोधायला लागतो. खरं तर तो आपल्याला वाचवत असतो.

दुसरं कारण म्हणजे आपलं स्वयंपाकघर. फोडणीची वाफ, पिठाची धूळ, सांडलेलं दूध, हे सगळं कड्याच्या फटीत जाऊन चिकटतं. वर्षभरात त्याचा असा काही थर होतो की कडं जागचं हलत नाही. कोकणात किंवा पावसाळ्यात टाकी दमट कोपऱ्यात असेल तर गोळ्यांना गंजही धरतो. आणि तिसरं कारण मागच्या वेळच्या पक्कडीचं. एकदा पक्कड लावली की कडं वेडंवाकडं होतं किंवा त्याला चीर जाते, आणि पुढच्या वेळी ते आणखी अडकतं. मग पुन्हा पक्कड. एकदा हे सुरू झालं की संपत नाही.

काढायचा कसा?

आधी आजूबाजूचं बघा. देवघरातली समई, उदबत्ती, शेजारची चूल, सगळं विझलेलं हवं. खिडकी-दार उघडं हवं. मुलं बाहेर.

शेगडी पेटलेली असेल तर आधी रेग्युलेटरची चावी बंद करा आणि नळीतला उरलेला गॅस जळून ज्योत आपोआप विझू द्या. काही सेकंदांचंच काम आहे. त्यानंतर शेगडीची बटणं बंद करा. ज्योत विझलीच नाही, बारीक का होईना जळत राहिली, तर समजा की चावी नीट बंद झालेली नाही किंवा आतून गॅस येतोय. अशा वेळी रेग्युलेटर ओढायचा नाही. बिनखर्चाची इतकी सोपी तपासणी दुसरी नाही, आणि आपल्यापैकी बहुतेक जण ती कधी करतच नाहीत.

ज्योत विझली? छान. आता कोरड्या फडक्यानं कडं आणि त्याभोवतीची फट पुसून घ्या. एका हाताच्या तळव्यानं रेग्युलेटर सरळ खाली, टाकीकडे दाबा. हो, खाली! त्यानं गोळ्यांवरचा ताण सैल होतो. तसाच दाबून धरून दुसऱ्या हाताच्या बोटांनी काळं कडं वर उचला. कडं हललं की रेग्युलेटर थोडा डावी-उजवीकडे फिरवत सरळ वर घ्या. तिरका करून उपटायचा नाही, कारण तिरका ओढला तर आतली पिन वाकू शकते.

नाही निघाला? पुन्हा चावी बघा, पुन्हा एकदा हेच करा. दुसऱ्यांदाही नाही निघाला तर हात झटका आणि एजन्सीला फोन लावा. माझा नियम असा, की हाताच्या जोरानं दोन वेळा, तिसऱ्यांदा नाही. रेग्युलेटर बदलून देणं हे वितरकाचं काम आहे. एक दिवस शेजारच्या वहिनींकडे भात शिजवून आणला तर कुणी नावं ठेवत नाही.

काही जण खोबरेल तेल, शिवणयंत्राचं तेल, नाहीतर गंज काढायचा फवारा मारतात. नका मारू. तेलावर धूळ आणखी बसते, आणि व्हॉल्व्हच्या आतल्या रबराला ते तेल मानवेलच असं नाही. गरम पाणी ओतणं तर त्याहून वाईट. टाकीचं तोंड ही गरम करायची जागाच नव्हे.

पक्कड, पाना, हातोडी, बत्ता यांबद्दल मुलांनी मला विचारलं होतं, "पण बाई, निघतंय की त्यानं!" निघतं, हे खरंच. शंभरातले नव्व्याण्णव वेळा नुसता रेग्युलेटर खराब होतो. पण तो पितळी व्हॉल्व्ह म्हणजे टाकीतल्या दाबाला अडवणारी एकमेव गोष्ट आहे. पितळ पोलादापेक्षा मऊ असतं. ठोक्यानं त्याच्या काठाला पोचा पडला, की नवा रेग्युलेटर त्यावर नीट बसत नाही आणि तिथून बारीक गळती सुरू होते. धातूवर धातू आपटून ठिणगी पडायची शक्यता आहे ती वेगळीच.

"टाकी संपलीय, आता काय होतंय?"

हे वाक्य मी आमच्या शाळेच्या खिचडीच्या खोलीत ऐकलंय. आहार शिजवणाऱ्या मावशींचा रेग्युलेटर असाच अडकला होता. मुलांची मधली सुट्टी जवळ आलेली, तांदूळ धुऊन ठेवलेला, आणि मावशी बत्ता घेऊन उभ्या. मी म्हटलं, "मावशी, थांबा." तर त्या म्हणाल्या, "बाई, रिकामी हाय टाकी, घाबरू नका."

हा गैरसमज फार पसरलेला आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. टाकीत प्रोपेन आणि ब्युटेन यांचं मिश्रण दाबाखाली द्रवरूपात असतं. वरच्या मोकळ्या जागेत त्याची वाफ असते. या वाफेचा दाब किती, हे द्रव किती उरलाय यावर ठरत नाही, तो ठरतो मुख्यतः तापमानावर. टाकी भरलेली असो की तळाशी पेलाभर द्रव राहिलेला असो, दाब साधारण तेवढाच. आपल्याकडच्या हवेत तो दर चौरस सेंटीमीटरला अंदाजे ५ ते ७ किलो भरतो. शेगडीला मात्र लागतो फक्त ३० ग्रॅम. म्हणजे दाब जवळपास दोनशे पटींनी कमी करायचं काम तो तळहाताएवढा रेग्युलेटर करतो, आतल्या रबरी पडद्याच्या आणि स्प्रिंगच्या जोरावर.

आणि आपण "संपली" कधी म्हणतो? ज्योत बारीक झाली की. थंडीच्या दिवसांत तर आत द्रव शिल्लक असतानाही ज्योत बारीक होते. ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला उकळतो, प्रोपेन उणे ४२ अंशांना. त्यामुळं प्रोपेन आधी निघून जातो आणि शेवटी राहिलेला ब्युटेन गारठ्यात आळसावतो. शिवाय द्रवाची वाफ होताना तो टाकीचीच उष्णता खेचून घेतो, म्हणून मोठी शेगडी बराच वेळ चालली की टाकीला बाहेरून घाम येतो. अप्रकट उष्मा शिकवताना मी आता बर्फापेक्षा हे उदाहरण आधी घेते, कारण ते प्रत्येकाच्या घरात आहे.

मावशींनी बत्ता ठेवला. चावी बघितली तर ती अर्धवटच फिरलेली होती! पूर्ण फिरवली, वर दाबून कडं उचललं, रेग्युलेटर हातात आला. खिचडी दहा मिनिटं उशिरा झाली. मावशी मला अजून चिडवतात, "बाईंना टाकीतलं कळतंय."

खरं संकट: रेग्युलेटर निघाला, पण फुस्स आवाज थांबत नाही

आता मुख्य गोष्ट. कधी कधी रेग्युलेटर व्यवस्थित निघतो, पण आतली पिन खाली दबलेलीच राहते. कचरा अडकलेला असतो, पिन वाकलेली असते, किंवा स्प्रिंग थकलेली असते. व्हॉल्व्ह आपोआप बंद व्हायला हवा, तो होत नाही. फुस्स आवाज येतो आणि उग्र वास सुटतो. मूळ गॅसला जवळजवळ वासच नसतो, गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम मरकॅप्टन नावाचं वासाचं रसायन मिसळलेलं असतं.

अशा वेळी लोक काय करतात? काडेपेटीच्या काडीनं, केसांच्या पिनेनं किंवा खिळ्यानं ती पिन हलवायला जातात. हे कधीही करू नका. पिन खाली गेली तर गॅसचा झोत थेट तोंडावर येतो. टाकी आडवी असेल तर द्रवच उडतो आणि कातडीवर बर्फ चिकटल्यासारखी जखम होते.

करायचं ते एकच. टाकीबरोबर आलेलं, दोरीनं बांधलेलं प्लॅस्टिकचं टोपण व्हॉल्व्हवर सरळ दाबून बसवायचं. नीट बसलं की गळती थांबते. ते टोपण धूळ बसू नये म्हणून दिलेलं नसतं, त्याचा खरा उपयोग हाच आहे. आणि आपण त्याचं काय करतो? पहिल्याच दिवशी दोरी कापतो. आमच्या वर्गातल्या एका पठ्ठ्यानं अशी पाच टोपणं गोळा करून त्यांची गाडी बनवली होती. चाकं छान फिरतात, नाकारत नाही! पण टाकी घरात आहे तोवर टोपण तिच्याच गळ्यात बांधलेलं हवं.

टोपण लावूनही आवाज थांबला नाही, किंवा टोपण नाहीच, तर मग घर सोडायचं. ज्योती विझवा, दारं-खिडक्या उघडा, सगळ्यांना बाहेर काढा. विजेचं कुठलंही बटण चालू करायचं नाही आणि बंदही करायचं नाही, कारण ठिणगी दोन्ही वेळा पडते. पंखा लावून वास घालवायची आपली जी सवय आहे ना, तीच नडते. मेन स्विच घराबाहेर असेल तर तो बंद करा. घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाला सहज जमत असेल तर टाकी उभीच उचलून मोकळ्या जागी न्यावी, गटारापासून आणि विस्तवापासून लांब. जमत नसेल तर टाकीचा मोह सोडा. मग लांब जाऊन १९०६ या क्रमांकावर फोन करा. गॅसगळतीसाठी देशभर हा एकच क्रमांक आहे आणि तो दिवसरात्र चालू असतो. फोन घराबाहेर गेल्यावरच लावायचा, हेही मुलांना आवर्जून सांगा.

चावी 'चालू'वर अडकून बसली आणि फिरतच नसेल, तर तेही याच घरातलं दुखणं. शेगडीची बटणं बंद करा. वास नसेल तर एजन्सीच्या माणसाची वाट बघा, तोवर त्या खोलीत काही पेटवू नका. वास असेल तर वर सांगितलंय तेच करा.

वर्गात करून दाखवण्यासारखं

शिक्षक मित्रांनो, हा प्रयोग जरूर करा. उंच भांड्यात खायचा सोडा घ्या, त्यावर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस ओता. फसफसून कार्बन डायऑक्साइड तयार होईल. आता दुसऱ्या भांड्यात पेटती मेणबत्ती ठेवा आणि पहिल्या भांड्यातला न दिसणारा वायू, पाणी ओतावं तसा, अलगद तिच्यावर ओता. द्रव ओतायचा नाही, फक्त वायू. मेणबत्ती विझते. मुलं थक्क होतात, कारण ओतताना काहीच दिसत नाही.

मग फळ्यावर लिहा: कार्बन डायऑक्साइडचा रेणूभार ४४, प्रोपेनचा रेणूभार ४४, ब्युटेनचा ५८, हवेचा सरासरी २९. म्हणजे जो वायू मुलांनी आत्ता "ओतला" त्याच्याइतकाच किंवा त्याहून जड वायू आपल्या टाकीत आहे. तो गळला की छताकडे जात नाही, जमिनीवर पसरतो, ओट्याखाली साचतो, उंबऱ्याजवळून मोरीत उतरतो. म्हणून वरची खिडकी उघडून भागत नाही, दारही उघडायला लागतं. फक्त एक फरक ठासून सांगा, की कार्बन डायऑक्साइड ज्योत विझवतो आणि आपला गॅस पेट घेतो. खऱ्या गॅसवर प्रयोग करायचा नाही, हे तीन वेळा म्हणवून घ्या.

आठवी-नववीला गणितही देता येतं. दहा फूट लांब, दहा रुंद, दहा उंच स्वयंपाकघर म्हणजे १००० घनफूट, सुमारे २८ हजार लिटर हवा. हवेत हा गॅस साधारण २ टक्क्यांपासून ९.५ टक्क्यांपर्यंत असला तर पेटू शकतो. २८ हजारांचे २ टक्के म्हणजे ५६० लिटर. तेवढ्या गॅसचं वजन साधारण सव्वा किलो. टाकी १४.२ किलोची! म्हणजे टाकीचा दहावा हिस्सासुद्धा पुरा लागत नाही. आणि हा हिशेब गॅस खोलीभर सारखा पसरला असं धरून केलेला आहे. तो तर खालीच साचतो, म्हणजे जमिनीलगत याहून कितीतरी कमी गॅस पुरतो. आमच्या नववीच्या पोरांनी हे गणित सोडवल्यावर वर्गात मिनिटभर कुणी बोललं नाही.

परदेशातल्या टाकीची गोष्ट

माझा भाचा अमेरिकेत असतो. हे सगळं चाललं असतानाच त्याचा फोन आला, की मावशी, इकडे अंगणातल्या ग्रिलच्या टाकीचा व्हॉल्व्ह अडकलाय, काय करू? आपले बरेच विद्यार्थी आता तिकडे आहेत, म्हणून थोडक्यात लिहिते.

तिकडच्या २० पाउंडाच्या टाकीत प्रोपेन असतो, त्यामुळं सारख्या तापमानाला आतला दाब आपल्या टाकीपेक्षा जास्त. तिथं वर फिरवायची मूठ असते, घड्याळाच्या दिशेनं फिरवली की बंद. आत एक तरंगतं बोंडही असतं, साधारण ८० टक्के भरल्यावर ते भरणं थांबवतं. अशा टाकीची मूठ तिकोनी असते, त्यावरून ती ओळखता येते. २००२ पासून तिथं लहान टाक्यांना अशीच सोय असावी लागते.

भाच्याला मी विचारलं, मूठ फिरतच नाही, की फिरते पण गॅस येत नाही? तर म्हणे, फिरते, पण ग्रिलची ज्योत एवढीशीच येते. मग व्हॉल्व्ह अडकलेला नव्हताच. ग्रिलची बटणं उघडी ठेवून टाकी झटकन उघडली की जोडणीतल्या सुरक्षा-यंत्रणेला वाटतं नळीच तुटली, आणि ती गॅस जवळपास रोखते. टाकी बंद, ग्रिलची सगळी बटणं बंद, थोडा वेळ थांबायचं, मग टाकी हळूहळू उघडायची, आणि ग्रिलचं झाकण उघडं ठेवूनच पेटवायचं. त्याचं काम झालं. मूठ खरोखरच फिरत नसती तर मात्र माझं उत्तर मावशींना दिलं तेच होतं. हातानं जमेल तेवढंच, पाना लावायचा नाही, विकणाऱ्याकडे परत द्यायची.

टाकी दारात आल्यावर

टाकी घेताना दोन मिनिटं खर्च करा. टोपण काढून व्हॉल्व्हच्या आत दिवसाच्या उजेडात बघा, रबराचं गोल कडं म्हणजे ओ-रिंग जागेवर आणि अखंड दिसायला हवी. ती फाटलेली असेल तर रेग्युलेटर कितीही छान बसवा, वास येणारच. टाकी आणणाऱ्या दादांना तपासून द्यायला सांगा, ते त्यांचं कामच आहे. रेग्युलेटर बसवल्यावर साबणाचं पाणी जोडावर लावा. बुडबुडे आले तर गळती. काडी पेटवून गळती शोधणारी माणसं मी पाहिली आहेत. ती अजून आहेत, हे नशीब.

मग टाकीच्या वरच्या पट्ट्यांच्या आतल्या बाजूला एक अक्षर आणि दोन आकडे दिसतील. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. 'सी २८' लिहिलं असेल तर २०२८ च्या सप्टेंबरअखेर त्या टाकीची पुन्हा चाचणी व्हायला हवी. मुदत उलटलेली टाकी घ्यायची नाही, बदलून मागायची. नळी दर पाच वर्षांनी बदलायची, तिच्यावरही तारीख असते. आणि टाकी कायम उभी, शेगडीच्या पातळीपेक्षा खाली, हवा खेळेल अशा जागी.

मुलांना मी हेच गृहपाठ म्हणून दिलं: टाकीवरचं अक्षर वाचून या, टोपण जागेवर आहे का बघा, आणि रेग्युलेटरला हात लावू नका. घरी कुणी नसताना टाकी संपली तर काय, या प्रश्नाचं उत्तर मात्र मुलांकडून घ्यायचं नाही, ते आपण मोठ्यांनी शोधायचं. त्या मुलीच्या आईला मी शाळेत बोलावलं. त्या काही न बोलता ऐकत राहिल्या, मग म्हणाल्या, "बाई, मला वाटायचं पोरगी हुशार हाय, सगळं करती." पुढच्या सोमवारी मुलीनं वहीत लिहून आणलं: 'टाकी बी २७. टोपण आहे. रेग्युलेटर नवीन बसवला. पक्कड आण्णांनी मोटारसायकलच्या डिक्कीत ठेवली.'